लिंपण कुणाचं, तेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत घरच्या घरी लिंपण, म्हणजे माती आणि आरशांची उठावदार नक्षी, करण्याची कृती वाचली. एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुशाची) गोल पाटी, तयार क्ले, ॲक्रिलिक रंग, आरशांचं पाकीट, सगळं नीट सांगितलंय. पण ही कला कुठली, कुणाची, याबद्दल अवाक्षर नाही. एकतीस वर्षं चित्रकला शिकवल्यामुळे असेल, मला ते फार लागलं.

लिंपण कच्छचं. भूकंपाच्या आधी, एका हिवाळ्यात, तिथल्या बन्नी भागातल्या एका भुंग्यात बसून मी ते होताना पाहिलंय. भुंगा म्हणजे मातीचं गोल घर, वर गवताचं निमुळतं छप्पर. घरच्या बाईंनी चाळलेली माती शेण घालून मळून ठेवली होती. तळव्यांत घोळवून त्या बारीक वळी करत, ओल्या भिंतीवर चिकटवत आणि बोटांनी चिमटत पुढे जात. पेन्सिलीची खूण नाही, कंपास नाही, तरी वर्तुळ जिथल्या तिथे मिटायचं. आरसा ओल्या मातीतच दाबला, कडेने वळी फिरवली. रंग एकच, पांढऱ्या मातीचा. संध्याकाळी कंदील लावला आणि भिंतभर उजेड झाला. वीज नसलेल्या घरात आरसे कशासाठी, ते तेव्हा कळलं.

रबारी या पशुपालक समाजाच्या घरांत मोर, उंट, पाणी भरणाऱ्या बायका दिसतात. मुतवा मुसलमानांच्या भिंतींवर माणूस-प्राणी नसतात, नुसती भौमितिक नक्षी असते, आणि मला तीच जास्त आवडते. 26 जानेवारी 2001 च्या भूकंपाच्या बातम्या वाचताना त्या घराचीच काळजी वाटत होती. गोल आकारामुळे बरेच भुंगे तगले, असं नंतर वाचलं.

लिंपणे हे क्रियापद तर आपलंही आहे. माझी आई दरवर्षी कुडाच्या भिंती लिंपायची. बाईमाणसाचं घरकाम, म्हणून तिला कुणी कधी कलाकार म्हटलं नाही. कच्छच्या बायकांचंही तेच झालं. आता तर त्यांची नक्षी सगळीकडे पोचली आणि त्या मागेच राहिल्या.

माझी विनंती एवढीच. कृतीबरोबर कच्छचं आणि तिथल्या रबारी, मुतवा, मेघवाळ या समाजांचं नाव छापा. आणि शहरात लिंपणाचे वर्ग घेणाऱ्यांनी वर्षातून एकदा तरी तिथल्या कारागीर बाईंना शिकवायला बोलवावं. इथल्या शिक्षिकेला देतात तेवढं मानधन त्यांनाही द्यावं, जाण्या-येण्याचं भाडं वेगळं.

आपली,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका