संध्याकाळी सातची वेळ

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र बघून दचकू नका, इकडे सगळं ठीक आहे. मोबाइलवर लिहायला घेतलं की बोट दुसरीकडेच वळतं, म्हणून कागद घेतला.

मंगळवारी आत्याचा फोन आला. बाबा, तुम्ही चक्कर येऊन न्हाणीपाशी भिंत धरून बसलात, हे मला तिच्याकडून कळलं. दहा दिवस बीपीची गोळी बंद होती म्हणे. कुणाच्या सांगण्यावरून, असं मी चिडूनच विचारलं. आत्या म्हणाली, "अगं, तुलाच विचारलं होतं म्हणतो दादा. तू हो म्हणालीस."

त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. मग आठवलं. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आपण सोप्यात बसलो होतो. मोबाइल हातभर लांब धरून तुम्ही एक मेसेज वाचून दाखवत होतात, उपाशीपोटी लसणाच्या दोन पाकळ्या खा, बीपीची गोळी कायमची सुटेल. "हे खरं असेल का गं?" मी नुसतं "हं" म्हटलं. मान वरसुद्धा केली नाही. तेव्हा मी माझ्या मोबाइलवर ऑफिसातल्या एका बाईच्या नव्या घराचे पडदे बघत होते. तिच्याशी माझं धड बोलणंही नाही.

बाबा, मला माफ करा. गोळी पुन्हा सुरू झाली हे आत्याने सांगितलं तेव्हा जिवात जीव आला. लसूण चटणीत हवा तेवढा खा, पण गोळीचं डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही करू नका. आणि मेसेजवर दोन बाण दिसले की समजा, तो कितीतरी हातांतून फिरून आलाय, मूळ कुणी लिहिला याचा पत्ता नसतो. 2018च्या जुलैत धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा अशीच मोबाइलवरून पसरली आणि भिक्षा मागत फिरणाऱ्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. पेपरात ते वाचून तुम्ही त्या दिवशी जेवला नव्हतात.

पेपरावरूनच सांगते. शेवटचं पान झालं की तुम्ही घडी घालून तो खुर्चीखाली ठेवता. मोबाइलला शेवटचं पानच नाही. बोट सरकवत राहा, खालून नवं येतच राहतं. अझा रास्किन नावाच्या माणसाने 2006 साली ही युक्ती काढली आणि पुढे त्यालाच तिचा पश्चात्ताप झाला. आई, रात्री "एवढं एकच बघते" म्हणत तू बारा वाजवतेस आणि पहाटे डोकं धरून उठतेस, त्यात तुझा दोष नाही. मीही तेच करते, आणि सकाळी लेकीवर खेकसते. परवा ती शाळेतलं काहीतरी सांगत होती. मध्येच थांबून तिने माझी हनुवटी धरली आणि माझं तोंड स्वतःकडे वळवलं.

शेजारच्या कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव तुम्हाला माहीत आहेच. 15 ऑगस्ट 2022 पासून तिथे संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत घरोघरी टीव्ही, मोबाइल बंद. कोरोनात ऑनलाइन शाळेपायी मुलांच्या हातात आलेला फोन सुटेना, तिथून हे सुरू झालं. सुरुवातीला मोठी माणसं हसली. मग आशाताई, अंगणवाडी सेविका, शिक्षक घरोघर फिरले. मुलांनी अभ्यासाला बसायचं तर मोठ्यांनीही फोन ठेवायचा, हे मला त्यातलं सगळ्यात पटलं.

आपल्याकडे भोंगा नाही, पण बाबा, तुमचं भिंतीवरचं घड्याळ सातचे टोल देतं. शनिवारी दुपारच्या एसटीने लेकीला घेऊन विट्याला येतेय. सात वाजले की माझा फोन बंद करून आईच्या धान्याच्या कोठीवर ठेवीन. तुमचे दोघांचेही तिथेच ठेवा. मग तुमच्या गोळ्यांचं पाकीट मी हातात घेऊन मोजणार आहे. आणि विहिरीचं पाणी आटल्याचं दिवाळीत तुम्ही सांगायला घेतलं होतंत, ते मला पहिल्यापासून ऐकायचंय.

तुमची लाडकी,
ताई