मूस फॅक्टरीहून आईबाबांस

तीर्थरूप बाबा व आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवरच सांगणार होते, पण आईचा आवाज ऐकला की मला पुढचे बोलता येत नाही, म्हणून लिहिते आहे. नोंदणीची परीक्षा झाल्यावर टोरंटोला मावशीकडे न जाता, शिकाऊ नर्स म्हणून जिथे आले त्या मूस फॅक्टरीलाच घरोघरी जाऊन शुश्रूषा करण्याची नोकरी मी स्वीकारली आहे. सहीसुद्धा झाली आहे. आधी विचारले नाही याचा राग येणे साहजिक आहे. पण विचारले असते तर मन मारून तुम्ही "तुला हवं ते कर" म्हणाला असता, आणि ते मला फार जड गेले असते.

मूस फॅक्टरी हे कॅनडाच्या उत्तरेकडचे बेट जेम्स उपसागराजवळ मूस नदीच्या मुखाशी आहे. कॉक्रेनहून मूसनीपर्यंत सुमारे ३०० किलोमीटर आगगाडीच, बारमाही रस्ता नाही. पुढे उन्हाळ्यात होडी, हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरून गाडी, आणि बर्फ धरताना किंवा फुटताना हेलिकॉप्टर. बाबा, नकाशा पाहून घाबरू नका. इस्पितळ बेटावरच आहे, खोली उबदार आहे, तांदूळ आणि तूरडाळ मी भरपूर आणून ठेवली आहे. आईने दिलेला गोडा मसाला अजून पुरतो आहे.

इथल्या क्री या मूलनिवासी लोकांमध्ये मधुमेह फार आहे. मी ज्यांच्याकडे जाते त्या एका आजींचे पाय पाहताना आधी मोजे काढून बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, मग डोळे मिटायला सांगून नायलॉनचा बारीक तंतू तळव्याला टेकवायचा आणि लागतो का ते विचारायचे. सुरुवातीला त्या, मी तंतू टेकवलाही नव्हता तिथे, "हो, लागतो" म्हणत. पाय बधिर झालेत हे कळले तर आपल्याला दक्षिणेच्या मोठ्या शहरात पाठवतील, ही भीती त्यामागे होती. या पिढीतल्या अनेकांना लहानपणी घरातून उचलून सरकारच्या निवासी शाळांत नेले होते. तशी एक शाळा १९७६ सालापर्यंत या बेटावरच होती. २००८ साली कॅनडाच्या पंतप्रधानांनी या शाळांबद्दल संसदेत माफी मागितली, तरी म्हाताऱ्या माणसाच्या अंगात मुरलेली भीती माफीने जात नाही. नर्स सतत बदलत राहिली तर प्रत्येक वेळी विश्वास पहिल्यापासून जोडावा लागतो. आता त्या आजी टाचेला काही जाणवत नाही असे आपणहून सांगतात आणि स्वतःच पाय पुढे करतात. त्यांना सोडून मी लगेच निघावे, हे मला पटले नाही. आपल्या आजीचा पाय वेळीच कोणी असा पाहिला असता तर, हा विचार मला तिथे बसल्यावर हटकून येतो. तुम्हालाही हे वाचताना येईल, म्हणून लिहू की नको असे झाले होते.

आई, रात्री पाय चेपायला तू माझ्या अंथरुणाशी बसायचीस. आता तुझे पाय पाहायला मी जवळ नाही, हेच मनाला लागते. म्हणून नीट ऐक. रोज झोपताना आरसा धरून तळवे पाहायचे, गच्चीवर अनवाणी जायचे नाही, गरम पाण्याची पिशवी पायाला लावायची नाही, आणि भोवरी ब्लेडने कापायची तर मुळीच नाही. दर तीन महिन्यांनी एचबीएवनसी, म्हणजे रक्तातली सरासरी साखर, तपासायची आणि वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा. बाबा, तिला तुम्ही स्वतः घेऊन जा, ती एकटी गेले म्हणून सांगेल आणि जाणार नाही. तुमची रक्तदाबाची गोळीही बरे वाटले म्हणून बंद करायची नाही. मी रागावते आहे असे समजू नका. इतक्या लांबून मला एवढेच करता येते.

सुट्टी मंजूर झाली की लगेच तिकीट काढते. तोवर या आठवड्यात रक्त तपासून अहवालाचा फोटो मला पाठवा, साखर कितीही आलेली असली तरी.

तुमची,
मृणाल