जुन्या घराचं छप्पर उतरवायचंय : मदतीचं आवाहन

सप्रेम नमस्कार.

वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही म्हणतात. आपल्या जुन्या घरात मात्र आढ्याजवळचं पाणी थेट भिंतीत उतरतंय. गेल्या पावसाळ्यात माळ्यावर बादल्या मांडून वेळ निभावली. पाऊस ओसरल्यावर समितीने एका जाणत्या सुताराला वर चढवलं. वासे वरून धडधाकट दिसत होते, पण भिंतीवर टेकलेल्या टोकांना त्याने पटाशी लावली तर ती बोटभर आत गेली. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या वर टिकून राहिला की बुरशी धरते, आणि ही टोकं किती वर्षं ओली होती कोण जाणे. पन्हळीत पानं साचून ती तुंबली होती, हे या सगळ्याचं मूळ. ती वेळेवर साफ केली नाही हा दोष आमचाच. आता डागडुजीने भागणार नाही. छप्पर पूर्ण उतरवून पुन्हा घालायचं ठरलं आहे.

‘पत्रे टाका आणि मोकळे व्हा’ हा सल्ला आम्हाला रोज मिळतो. सल्ला देणाऱ्यांचा राग नाही. खर्चाचा आकडा पाहिल्यावर आमच्यातल्याही दोघांचा जीव पत्र्याकडे ओढला होता. पण घर वारसा यादीत आहे. परवानगी मिळाली ती अटींसह : छपराचा उतार, आढ्याची उंची, वळचणीचा पुढावा आणि कौलाची जात बदलायची नाही. स्लॅबचा तर विचारही नको. १० सेंटीमीटर जाडीच्या काँक्रीटचं वजन दर चौरस मीटरला सुमारे २४० किलो भरतं, कौलारू छपराचं त्याच्या पाव हिश्शाच्या आसपास. मातीच्या भिंतींवर एवढा भार घातला तर घर वाचवायला जाऊन आपणच ते खचवू.

जुन्या वास्तूंच्या जतनाची तत्त्वं सांगणाऱ्या १९६४च्या व्हेनिस सनदेत एक कलम आहे : गेलेल्या भागाच्या जागी नवा भाग घालताना तो एकूण वास्तूशी जुळला पाहिजे, तरी जुन्यापासून वेगळा ओळखूही आला पाहिजे. हे दोन्ही एकदम कसं साधायचं, यावर आमची एक अख्खी बैठक गेली. सुताराने ते चटकन सोडवलं : नव्या लाकडावर आतल्या अंगाला ते बसवल्याचं वर्ष कोरून ठेवू. खालून दिसणार नाही, वर चढेल त्याला कळेल.

उतरवण्याआधी प्रत्येक वाशाला क्रमांक पडेल, फोटो आणि मोजमापं होतील. कौलं हातोहात खाली येतील आणि एकेक वाजवून पाहिलं जाईल. खणखणीत वाजलं तर ठेवायचं, बद्द आवाज आला तर तडा आहे. टिकलेली जुनी कौलं दर्शनी पाख्यावर, नवी मागच्या. वासेही सरसकट बदलायचे नाहीत. कुजलेलं टोक कापून तिथे नवा तुकडा सांध्याने जोडायचा. आढ्यावरची कौलं चुन्यातच बसवू. सिमेंट इतकं घट्ट धरतं की पुढच्या वेळी काढताना कौलंच फुटतात.

देणगी प्रामुख्याने लाकूड, कारागिरांची मजुरी, परांची आणि तात्पुरतं आच्छादन यांवर खर्च होईल. प्रत्येक देणगीची पावती मिळेल, आणि महिन्याचा हिशेब घराच्या दारावर लावला जाईल. काही उरलंच तर ते दरवर्षीच्या पन्हळ-सफाईसाठी.

पैशाइतकीच गरज जुन्या कौलांची आहे. कुणाच्या परसात पाडलेल्या घराची कौलं रचून ठेवली असतील तर कळवा. मात्र साच्यागणिक माप आणि खाच बदलते, म्हणून आधी एकच कौल नमुन्याला आणा, गाडी भरून आणू नका.

आणखी एक. दर्शनी बाजूची कोरीव फळी निम्मी झडली आहे. तुमच्या एखाद्या कौटुंबिक फोटोत माणसांच्या मागे ती दिसत असेल, तर नक्षी जशी होती तशी करता येईल. नाहीतर साधी फळी बसवू. अंदाजाने नक्षी कोरायची नाही, यावर समितीत (नवल म्हणजे) सगळ्यांचं एकमत आहे.

कौलं उतरवताना खाली साखळी करून उभं राहायला माणसं लागतील. छपरावर फक्त कारागीर चढतील. हौसेने कुणी शिडीला हात लावू नये, ही विनंती. नमुन्याचं कौल किंवा फोटो द्यायचा असेल तर काम सुरू होण्याआधी द्या. एकदा वर ताडपत्री चढली की शोधाशोधीला सवड मिळणार नाही.

आपला,
कार्यवाह, समितीच्या वतीने