बोकचॉय म्हणजे पालक नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

थंडीत गच्चीवरच्या कुंड्यांमध्ये बोकचॉय (एक चिनी पालेभाजी) उत्तम येतो. पण स्वयंपाकघरात गेला की तो पालकासारखा बारीक चिरला जातो आणि झाकण ठेवून दहा मिनिटं शिजवला जातो. मग पाणी सुटलेली, पिवळट, उकडलेल्या कोबीच्या वासाची भाजी ताटात पडते आणि पुढच्या हंगामात कोणी बी आणत नाही. दोष भाजीचा नाही, शिजवण्याचा आहे.

बोकचॉय मोहरी-सलगमच्या कुळातला. दक्षिण चीनच्या कँटनी बोलीत त्याच्या नावाचा अर्थच ‘पांढरी भाजी’. हे नाव पांढऱ्या देठांवरून पडलं, आणि खरी भाजी देठातच आहे. जाड, रसाळ देठाला दोन मिनिटं लागतात, पानाला अर्धं मिनिट पुरतं. म्हणून देठ आणि पानं वेगळी चिरावीत. एवढं केलं तरी निम्मं काम झालं.

धुण्यात मात्र घाई नको. घरच्या रोपात देठांच्या बेचक्यात माती अडकते, पाण्याच्या धारेखाली ती निघत नाही. बुडखा कापून देठ सुटे करावेत आणि मोठ्या पातेल्यात दहा मिनिटं बुडवून ठेवावेत. नंतर पानं वर उचलून घ्यावीत. पातेलं चाळणीवर उपडं केलं तर खाली बसलेली माती पुन्हा पानांवर येते. मावा (पानांवरची बारीक कीड) असेल तर एक लिटर पाण्यात दोन चमचे मीठ घालून त्यात भिजवावं आणि नंतर साध्या पाण्याने धुवावं. पानांना बारीक भोकं असली तरी भाजी खायला चांगलीच असते.

परतून करायचा असेल तर २५० ग्रॅम बोकचॉयला एक मोठा चमचा तेल, लसणाच्या तीन पाकळ्या आणि पेरभर आलं पुरे. पानं पंचावर पसरून कोरडी करावीत. लोखंडी कढई चांगली तापल्यावर तेल, त्यात लसूण-आलं, दहा-पंधरा सेकंदांत देठ. लसूण तांबूस होईपर्यंत थांबलात तर तो देठांबरोबर करपून कडू होतो. देठ दीड-दोन मिनिटं मोठ्या आचेवर परतावेत, मग पानं घालून अर्धं मिनिट, आणि शेवटी दोन छोटे चमचे सोया सॉस. सॉस खारट असतो, वेगळं मीठ चाखूनच घालावं. मीठ आधी घातलं की पाणी सुटतं. एका वेळी २५० ग्रॅमपेक्षा जास्त भाजी कढईत लोटली तरी तेच होतं, कारण घरच्या शेगडीची आच तेवढी पुरत नाही. झाकण तर नकोच. भाजीतलं आम्ल वाफेबरोबर बाहेर न जाता आत कोंडतं आणि हिरवा रंग मरतो.

वीतभर उंचीची कोवळी रोपं चिरू नयेत. ती उभी दुभागावीत. कँटनी पद्धतीने दोन लिटर उकळत्या पाण्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा तेल घालून आधी बुडखे एक मिनिट धरावेत, मग सगळं रोप अर्धं मिनिट बुडवावं. नीट निथळून वर सोया सॉस, चिमूटभर साखर आणि लसणाचं कडकडीत तेल ओतावं. तिकडे बहुधा ऑयस्टर सॉस घालतात. तो कालवांच्या अर्कापासून बनतो, शाकाहारी घरांनी मशरूमचा घ्यावा.

आपल्या पद्धतीही त्याला मानवतात. पीठ पेरून केलेली भाजी तर फारच छान लागते. ३०० ग्रॅमला तीन मोठे चमचे बेसन आधी कोरडं भाजून घ्यावं. मोहरी, हिंग, हळद, मिरचीची फोडणी करावी, त्यात देठ, मग पानं. सुटलेलं पाणी आटल्यावरच बेसन भुरभुरावं, नाहीतर त्याचा चिकट लगदा होतो. मुगडाळीत करायचा असेल तर दोन तास भिजवलेली डाळ आधी बोटचेपी शिजवून घ्यावी. डाळ आणि भाजी एकदम टाकली तर डाळ शिजेपर्यंत देठांचा गाळ होतो.

पालकापेक्षा यात ऑक्झलेट (कॅल्शियमला बांधून ठेवणारा घटक) फारच कमी, त्यामुळे यातलं कॅल्शियम अंगी लागतं. मात्र ‘के’ जीवनसत्त्व भरपूर असल्याने रक्त पातळ करणारं वॉरफेरिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून प्रमाण ठरवावं आणि ते एकसारखं ठेवावं.

फेब्रुवारीत ऊन वाढलं की रोप फुलाचा दांडा काढतं. बरेच जण ते उपटून टाकतात. कळ्या मिटलेल्या असतानाच दांडा खुडावा, बुडाकडची चिवट साल सोलावी आणि बोटभर तुकडे करून देठांसारखेच परतावेत. पानांना कडवटपणा आला असेल तर ती आधी अर्धं मिनिट उकळत्या पाण्यातून काढावीत. पिवळी फुलंही खाता येतात, ती ताटात वाढताना वरून घालावीत.

आपले,
गच्चीवर भाजीपाला पिकवणारे काही वाचक, पुणे