परसातली माती झाकू नका

मा. संपादक,
स. न.

एप्रिल लागला की आमच्या आर्वी तालुक्यातल्या गावांत रेती, गिट्टी आणि सिमेंटचे ट्रॅक्टर फिरू लागतात. पावसाळ्याआधी बांधकामं उरकायची असतात. त्यात दरवर्षी एक काम हमखास दिसतं. कुणी नोकरीतून निवृत्त झालेलं असतं किंवा व्हायला आलेलं असतं आणि त्याच्या घरामागच्या वाडीवर काँक्रीट पडत असतं. नाहीतर पेव्हर ब्लॉक बसत असतात. उपदानाचा पैसा हाती आलेला असतो, बाहेरगावची मुलं 'आता आरामात राहा' म्हणत असतात आणि गवंडीही सुचवतो की घराचं काम काढलंच आहे तर मागचंही करून टाकू. निवृत्तीला आलेल्या नवरा-बायकोंना माझी कळकळीची विनंती आहे, हे करू नका. घरामागची माती उघडी राहू द्या.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. पुढच्या वर्षी मला ५८ पूर्ण होतात. आमचे हे वीज कंपनीत लाईनमन आहेत, ते यंदाच निवृत्त होतील. त्यामुळे हा विषय आमच्याही घरी निघाला. गवंडी येऊन मोजमाप घेऊन गेला. यांचं म्हणणं होतं, "पावसात चिखल होते, गवतात इच्चूकाट्याचं भेव, गाडी उभी कराले जागा नाई. अन् उद्या गुडघे धरले म्हणजे त्या वाडीत कोण वाकन?" यातली एकही अडचण खोटी नाही. पण एकेका अडचणीवर वेगळा उपाय आहे, आणि त्यासाठी सगळी वाडी झाकावी लागत नाही. मागच्या दारापासून न्हाणी आणि तुळशीपर्यंत आम्ही दोन हात रुंद फरशीची पायवाट केली, तेवढ्याने चिखलाचा प्रश्न मिटला. विंचू आणि साप सरपणाच्या ढिगाखाली, गोवऱ्यांच्या उडवीत आणि उंदरांच्या मागे येतात, म्हणून ढीग भिंतीपासून दूर हलवला आणि बाहेर दिवा लावला. गुडघ्यांसाठी विटांचे कमरेएवढे वाफे बांधले. वेल मांडवावर चढवले, म्हणजे उभ्यानेच तोडता येतात. गाडीला पुढचं अंगण पुरतं.

आता उन्हाचं बोलते. २०१३ च्या मे महिन्यात नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता आणि आमच्याकडचे उन्हाळे काही त्याहून फार वेगळे नसतात. शेजारी दोन वर्षांपूर्वी पूर्ण आवारात काँक्रीट झालं. दिवसभर तापलेली ती फरशी रात्री जेवणं झाली तरी अनवाणी पायाला चटका देते. आधी त्या घरची सगळी मंडळी बाहेर बाजा टाकून झोपायची, आता कूलर लावून आत झोपतात. आमच्या वाडीत संध्याकाळी पाणी फिरवलं की घटकाभरात बाहेर बसता येतं. दोन्ही आवारांच्या मध्ये फक्त एक भिंत आहे.

पाण्याचा हिशेब मी सातवीच्या मुलांकडून करवून घेते. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. आमच्या जिल्ह्यात वर्षाला साधारण हजार मिलिमीटर पाऊस पडतो. हजार चौरस फुटांचा स्लॅब म्हणजे जवळपास ९३ चौरस मीटर. तेव्हा एका घराच्या छतावर वर्षभरात ९० हजार लिटरच्या वर पाणी पडतं. चारी बाजूंनी सिमेंट असेल तर ते नालीत जातं, नालीतून रस्त्यावर येतं, आणि मे महिन्यात तेच गाव टँकरची वाट पाहतं. मुलांना हे गणित फळ्यावर लगेच कळतं. छताचा पाइप वाडीतल्या खड्ड्यात सोडायचा, खाली दगड, वर गिट्टी, त्यावर रेती. सांडपाण्यासाठीचा शोषखड्डा तर रोजगार हमी योजनेतूनही होतो, ग्रामपंचायतीत विचारावं. आमच्या न्हाणीचं पाणी केळी आणि धोप्याकडे, म्हणजे अळूकडे, वळवलं आहे, त्यांना वेगळं पाणी कधी द्यावं लागत नाही.

पण उन्हापाण्याचा हिशेब कितीही खरा असला तरी माझा जीव वाडीत अडकतो तो स्वयंपाकघरामुळे. सासूबाई अक्षय तृतीयेला आळी खणून घ्यायच्या आणि मृग लागला की दोडकं, कारलं, वाल, कोहळं टोबायच्या. वालाचं बी त्या राखेत घालून मडक्यात ठेवत. दोडक्याचं एक फळ वेलावरच वाळू देत आणि मग ते आड्याला टांगून ठेवत. ते वालाचं बी आजही आमच्याकडे आहे. पहिल्या पावसात कुंपणाशी तरोटा उगवतो, त्याची कोवळी भाजी. मग आंबाडी, बरबटी, भेंडी. भादव्यात महालक्ष्म्यांना सोळा भाज्या लागतात, त्यांतल्या निम्म्याहून जास्त मी वाडीतून आणते आणि उरलेल्या चार घरी मागते, कारण माझ्याकडचीही चार घरी गेलेली असते. पावसाळा सरता सरता हेट्याची (हादग्याची) फुलं येतात. थंडीत वांगी, भेदरं म्हणजे टमाटे, आणि सांबार म्हणजे कोथिंबीर. सांबारवडीला बाजारची जुडी पुरत नाही, वाफाच लागतो. उन्हाळ्यात सगळं सुकलं तरी चिवळ तग धरते, आणि बेसन पेरून केलेली चिवळीची भाजी भाकरीबरोबर असली की आमच्या घरी दुसरं कुणी काही मागत नाही. शहरातून नातवंडं येतात तेव्हा धोप्याची पानं तोडायला त्यांच्यात भांडण लागतं.

आणखी एक गोष्ट आहे, ती सहसा कुणी बोलत नाही. दोघंही नोकरीत असलेल्या नवरा-बायकोला एकमेकांबरोबर दिवसाउजेडी बसायची सवयच नसते. वादळ आलं की आमचे हे ताटावरून उठून जायचे, कारण खांब आणि तारा तेव्हाच पडायच्या. मी सकाळी डबे भरून शाळेला निघे. रविवारी धुणं आणि बाजार. निवृत्तीनंतर अचानक दोघं दिवसभर एका घरात आली की काय होतं, ते मी सहकाऱ्यांच्या घरी पाहिलं आहे. गडी माणूस पहिले काही महिने पारावर बसतो, पेपर वाचतो, मग घरात बसून भाजीला मीठ किती पडलं ते मोजू लागतो. बाईची शाळा सुटते, चूल सुटत नाही. ज्याने आयुष्यभर उभ्याने काम केलं त्याला सपाट फरशीवर प्लास्टिकची खुर्ची टाकून देणं, याला मी आराम म्हणत नाही.

आमच्याकडे आता संध्याकाळचा वेळ वाडीत जातो. कामाची वाटणी कुणी केली नाही, ती होत गेली. मांडव, तारा, पाइप, कुंपण यांच्याकडे. खांबावर चढणाऱ्या हाताने बांधलेली मांडवाची तार कितीही वारा सुटला तरी सैल होत नाही. बी, रोपं, खुडणं माझ्याकडे. निंबोळ्या जूनमध्ये दोघं मिळून वेचतो. मावा पडला की ५० ग्रॅम निंबोळी कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी गाळून फवारायची, एवढं औषध आम्हाला पुरतं. सांबार दाट पेरायचा की विरळ यावर आमचं अजून एकमत नाही, म्हणून दोन वाफे केले आहेत. शेंगा तोडून आणल्या की हे आता तिथेच पायरीवर बसून निवडतात. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण यांना भाजी निवडताना मी आधी कधी पाहिलं नव्हतं. यांच्या नोकरीने कधी तेवढी उसंत दिली नाही.

ज्यांच्या नोकरीला अजून पाच-सहा वर्षं आहेत त्यांना मुद्दाम सांगते, झाडं आत्ता लावा. कागदी लिंबाला आणि कलमी आंब्याला नीट फळ धरायला चार-पाच वर्षं जातात, सीताफळाला तीन-चार. भविष्य निर्वाह निधीत आपण वर्षानुवर्षं पैसे टाकतो, तसं हेही आधीपासून करायचं काम आहे. ज्यांना उशीर झाला त्यांनीही थांबू नये, शेवगा आणि पपई वर्षभरात देऊ लागतात. वांदरांचा त्रास आमच्याकडे फार आहे, हे मान्य. पपई आणि पेरू ती ठेवत नाहीत. पण हळद, आलं, धोपा, लिंबू, कढीपत्ता यांना ती सहसा हात लावत नाहीत, म्हणून कुंपणाकडेला ही आणि आत घराजवळ बाकीची, अशी मांडणी करावी. कलमं कृषी विद्यापीठाच्या किंवा शासकीय रोपवाटिकेतूनच घ्यावीत. रस्त्याच्या कडेला विकणाऱ्याच्या कलमाची जात फळ लागल्यावरच कळते, आणि या वयात चार वर्षं फुकट घालवणं परवडत नाही.

आमच्या शाळेत पोषण आहारासाठी परसबाग आहे आणि मुलं तिथे आवडीने खपतात. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली, ती याच जिल्ह्यात. हाताने काम करत शिकायचं हे ज्या मातीतून सांगितलं गेलं, तिथल्याच घरी मुलांना बी टोबायला हातभर माती मिळू नये, याचं मला फार वाईट वाटतं. शाळेतून आणलेलं वांग्याचं रोप कुठे लावू, असं माझ्या वर्गातल्या एका मुलीने विचारलं. तिच्या घरी आता सगळीकडे फरशी आहे. ते रोप आमच्या वाडीत आहे, ती येऊन पाणी घालते.

ग्रामपंचायतींनाही विनंती आहे की गल्लीत सिमेंटचा रस्ता करताना भिंतीपासून भिंतीपर्यंत ओतू नये. निंबाच्या बुंध्याला तरी चारी बाजूंनी दोन-दोन हात माती सोडावी. उमेदच्या बचत गटांतल्या बायका परसबागा करतातच, त्यांना ग्रामसभेत या कामाबद्दल बोलायला बोलवावं.

हे पत्र शक्य तर याच महिन्यात छापावं. मे महिन्यात गवंडी मोकळे नसतात, त्यामुळे ज्यांना फरशी टाकायची आहे ते आत्ताच इसार देत आहेत. वालाचं बी ज्यांना हवं असेल त्यांनी आपल्या कार्यालयात कळवावं. माझा पत्ता आपल्याकडे दिला आहे, मृगाआधी मी पाठवीन.

आपली,
एक शिक्षिका
ता. आर्वी, जि. वर्धा