पावसाळी रात्री रस्त्यावरचे पट्टे कुठे जातात?

संपादक महोदय,

सिंहगड रस्ता असो की कात्रज-देहूरोड बाह्यवळण, पावसाळी रात्री पांढरे पट्टे दिसेनासे झाले की 'रंगच हलका मारला' म्हणून आपण मोकळे होतो. रंग उत्तम असला तरी हे घडतेच. रात्री पट्टा उजळतो तो रंगात रुतलेल्या बारीक काचमण्यांमुळे. दिव्याचा झोत मण्यात शिरताना वाकतो, मागच्या बाजूला एकवटून पांढऱ्या रंगावर पडतो आणि आल्या वाटेने चालकाकडे परततो.

काचेचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो ते सांगणारा आकडा) साधारण १.५, हवेचा १, पाण्याचा १.३३. मणी पाण्याखाली गेला की काच आणि भोवतालातला हा फरक फारच कमी उरतो, किरण पुरेसे वाकत नाहीत आणि परतीची वाट मोडते. शिवाय तीस मीटर पुढच्या रस्त्यावर मोटारीचा प्रकाश जेमतेम सव्वा अंशाच्या कोनात टेकतो. सरळ वरून पडलेल्या प्रकाशापैकी पाणी दोनच टक्के परतवते. इतक्या तिरक्या कोनात मात्र ८५ टक्क्यांहून अधिक प्रकाश आरशासारखा पुढे फेकते. तो समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. अप्पर लावून पट्टा सापडत नाही, समोरचा तेवढा दिपतो.

थर्मोप्लास्टिकचा, म्हणजे तापवून वितळवलेल्या रंगमिश्रणाचा, पट्टा अडीच मिलिमीटर जाड असतो. मिश्रणातले मणी वरचा थर झिजेल तसे उघडे पडतात. सुरुवातीची चमक देतात ते वरून टाकलेले, चौरस मीटरला सुमारे २५० ग्रॅम. मणी निम्म्याहून थोडा अधिक रुतायला हवा. रंग निवल्यावर टाकले तर टायरखाली उडून जातात, फार पातळ असताना टाकले तर बुडतात. ओलसर डांबरावर घाईने काम उरकले तर अडकलेल्या ओलाव्याची वाफ होऊन फोड येतात आणि पट्टा पापुद्र्यासारखा सुटतो. जूनच्या तोंडावर ही कामे काढणे म्हणूनच शहाणपणाचे नाही.

जुने पट्टे काळ्या रंगाने झाकण्याची पद्धत तर बंदच करावी. काळा रंग खरखरीत डांबरापेक्षा गुळगुळीत असतो. ओल्या रस्त्यावर तोच चकाकतो आणि चालक चुकीच्या मार्गिकेत शिरतो. जुना पट्टा खरवडूनच काढला पाहिजे.

वळणांवर आणि उड्डाणपुलांच्या उतारांवर पाण्याच्या थराबाहेर डोके काढणारे उंचवट्याचे पट्टे, मोठे मणी आणि कॅट-आय (रस्त्यात बसवलेली चमकणारी बटणे) हवेत. काम ताब्यात घेताना रात्री एक चाचणी करावी. वाहतूक थांबवून, विजेरी कानशिलाला लावून दहा-पंधरा मीटरवरचा पट्टा पाहावा. मग हात लांब करून विजेरी बाजूला न्यावी. चमक तेवढीच राहिली तर ती मण्यांची नव्हे. त्यानंतर पट्ट्यावर बादलीभर पाणी ओतून एक मिनिट थांबावे, युरोपीय मानकात ओल्या पट्ट्याचे मोजमाप असेच घेतात. तेव्हाही पट्टा काळाच दिसला, तर बिल थांबवावे.

– एक स्थापत्य अभियंता, कोथरूड, पुणे