मागच्या रांगेतलं पोतं

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

शुक्रवारी हॅनोव्हरला निघशील, एमबीएला निवडलेल्या मुलांना टक स्कूलने दोन दिवस कॉलेज बघायला बोलावलंय, तिथे. प्रोजेक्टमुळे न्यू जर्सीत आहेस म्हणून हे जमतंय, नाहीतर दोन दिवसांसाठी पुण्याहून कोण गेलं असतं! न्यूयॉर्कहून डार्टमथ कोचची बस आहे, तीच धर. एप्रिल असला तरी न्यू हॅम्पशायरमध्ये बर्फ नुकता वितळत असतो, सगळीकडे चिखल. कापडी बूट नेऊ नकोस.

टक स्कूल तुला आवडणार, हे मी आत्ताच सांगते. डार्टमथ विद्यापीठाची 1900 सालची संस्था, पदवीनंतरचं व्यवस्थापन शिकवणारी जगातली पहिली. बॅचमध्ये जेमतेम तीनशेच्या आसपास मुलं, पहिल्या वर्षाची बरीचशी कॅम्पसवरच राहतात, आणि जन्मात स्केट्स न घातलेलेही बर्फावर हॉकी खेळतात. तुम्हाला हेच दाखवतील. दाखवावंच त्यांनी. त्यांनी तुला निवडलं, आता हो म्हणायचं तुझ्या हातात आहे.

पण माझं आयुष्य बँकेच्या कर्जखात्यात गेलं. गोदामाच्या इन्स्पेक्शनला गेलं की मालक दारातली पोती दाखवतो आणि चहा मागवतो. चहा प्यावा, मग मागच्या रांगेतलं पोतं उघडायला सांगावं.

तिथली मागची रांग म्हणजे दुसऱ्या वर्षाची मुलं. जूनमध्ये त्यांना पदवी मिळते, म्हणजे आत्ता कुणाच्या हातात नोकरी आहे नि कुणाच्या नाही, ते त्यांना पक्कं ठाऊक असतं. तुमच्या दिमतीला नेमलेले गोडच बोलतील. कँटीनमध्ये बिनबिल्ल्याचे परदेशी विद्यार्थी दिसतील, त्यांना गाठ. विचार, व्हिसा लागेल म्हटल्यावर किती कंपन्या गळाल्या? तू एल-वनवर, म्हणजे कंपनीने बदली करून पाठवलेल्यांच्या व्हिसावर आहेस, म्हणजे एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाची सोडत तुला अजून बाकीच. ओपीटीचे, म्हणजे शिक्षणानंतर विद्यार्थी व्हिसावरच नोकरी करायचे, 12 महिने मिळतात, पदवी स्टेममध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणितात) बसली तर आणखी 24. सोडत वर्षातून एकदा, म्हणून त्यात एकदा नाव की तीनदा, एवढा फरक पडतो. तुला हव्या त्या विषयांना स्टेम लागू आहे का, हे टकच्या ऑफिसकडून लेखी घे.

प्लेसमेंटचा टक्काही नीट वाच. तो अख्ख्या बॅचचा नसतो, नोकरी शोधणाऱ्यांचा असतो. कंपनीने पाठवलेले, स्वतःचा धंदा काढणारे आधीच वजा होतात. शिवाय पदवीनंतर तीन महिन्यांत लागलेली नोकरीही त्यात धरतात. ते तीन महिने घरभाडं कशातून देणार? आपल्याकडच्या कर्जाचं व्याज तर पैसे उचलल्या दिवसापासून चढतं, मोरॅटोरियममध्ये, म्हणजे हप्ते सुरू व्हायच्या आधीच्या मुदतीतसुद्धा. बाबा अजून त्याला सवलतच म्हणतात.

दुसऱ्या कॉलेजचं स्कॉलरशिपचं पत्र तुझ्याकडे आहेच. ते दाखवून टककडे वाढवून मागायला लाजू नकोस. मागायचं ते जागा पक्की करायचं डिपॉझिट भरायच्या आधी. नंतर त्यांना घासाघीस ऐकायचं कारण उरत नाही. बरोबर आलेल्या मुलांनाही विचार, कुणी स्कॉलरशिप वाढवून मागितली होती का. रात्री जेवणाच्या टेबलावर अशा गोष्टी बाहेर पडतात.

तारणाचं आम्ही बघतो. सरकारी बँका साधारण 7.5 लाखांपुढे तारण मागतात, आणि घर ठेवायला आम्ही दोघंही तयार आहोत. ते ओझं घेऊन तिथे फिरू नकोस. फक्त सर्च रिपोर्टला, म्हणजे घराची मालकी तपासून द्यायला, वकील वेळ लावतात, म्हणून सोमवारी हो की नाही ते कळव. नाही म्हणालीस तरी बसभाडं वसूल झालं असंच मी धरीन.

तुझी आई